लातूरचे जुने नकाशे रद्दीत जायच्या आधी सरकारने ताब्यात घ्यावेत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार. लातूरमधली एक जुनी आर्किटेक्ट फर्म बंद झालीये आणि तिची बिल्डिंग आता पाडायलेत. मालकांची नातवंडं बाहेरगावी असतात, त्यांना जागा मोकळी करायचीय, त्यांचा काही दोष नाही म्हणून नाव लिहीत नाही. पण माळ्यावर नकाशांचे रोलच्या रोल पडून आहेत आणि रद्दीवाला येऊन किलोचा भाव सांगून गेलाय. मी तिथंच ड्राफ्ट्समन होतो, तिथूनच रिटायर झालो, म्हणून राहवत नाही.

मोठे साहेब आधी हैदराबादला, निजामाच्या बांधकाम खात्यात. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर, इकडं आले आणि फर्म काढली. त्यामुळं सुरुवातीच्या शीटवर खोल्यांची नावं उर्दूत, मापं फूट-इंचात, आणि कागद नाही तर ट्रेसिंग क्लॉथ, खळ दिलेलं तलम कापड, अजूनही रेघ न् रेघ दिसते. पुढं मीटर आले, अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या कॉप्या आल्या. १९८२ ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तर कामाला उसंत नव्हती, रात्री उशिरापर्यंत ऑफिसात लाईट.

गंजगोलाईचं सगळे सांगतात, १६ रस्ते, मधोमध अंबाबाईचं देऊळ, फैजुद्दीन यांचा प्लॅन. बरोबरच आहे. पण मोंढ्यातल्या आडती, जिनिंग, शाळा, दवाखाने कुणी काढले ते कुठंच लिहिलेलं नाही, ते फक्त या रोलवर आहे. आणि वाडे! माळवद, म्हणजे मातीचं छत, उतरवून स्लॅब टाकायचा म्हटलं की आमचे साहेब आधी अख्ख्या वाड्याचं माप घ्यायला लावायचे, खण किती, तुळया कुठं, भिंत किती रुंद, देवळी सुद्धा काढायची. त्यातले कितीतरी वाडे आता जागेवर नाहीत, खेड्यातले तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गेले, दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, माणसं त्याच्याखालीच सापडली.

याचा आजही उपयोग आहे साहेब. त्या भूकंपाआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात झोन १ मध्ये धरायचे, म्हणजे सगळ्यात कमी धोका. २००२ ला भूकंपाला टिकेल अशा बांधकामाचा कोड बदलला आणि लातूर झोन ३ मध्ये गेलं. आता ९३ च्या आधीच्या एखाद्या शाळेचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं तर कॉलममध्ये सळई किती एमएमची, सळयांना बांधलेल्या रिंगा किती अंतरावर, फुटिंग म्हणजे पाया किती खोल हे सांगणार कोण? हातोड्याच्या टेस्टनं काँक्रीटचा अंदाज येतो, रिंगा दिसत नाहीत. आमच्या डिटेल शीटवर ते सगळं काढलेलंय. लेकरं बसतात हो त्या वर्गांत.

पुराभिलेख संचालनालय तुमच्याच खात्यात येतं, त्याचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथून माणूस पाठवा, रोल ताब्यात घ्या, स्कॅन करा, आणि मराठवाड्यातल्या बाकीच्या जुन्या फर्मनाही कळवा की बंद करताना नकाशे सरकार घेईल. नातवंडं द्यायला तयार आहेत, मी विचारलंय. उर्दू वाचणारा एक माणूस मात्र सोबत लागेल. कुठला रोल कुठल्या कामाचा ते मी आणि आमचे दोन-तीन जुने सहकारी बसून लावून देऊ, मानधन नको. फक्त पाडकाम सुरू व्हायच्या आत या.

आपला,
एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन, लातूर