दुधाची भेसळ पकडायला मशीन आहे, मग बसवत का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.
दूध भेसळीच्या धाडी पेपरात येतात पण तपासणी कशी होते यावर कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र. 2008 ला चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन (प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन) मिसळलं गेलं, कारण प्रोटीन मोजायचं म्हणजे फक्त नायट्रोजन मोजायचा आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, झालं, टेस्ट पास आणि लेकरं किडनीच्या आजाराने दवाखान्यात, सहा बाळं गेली हो. एफटीआयआर नावाचं मशीन दुधावर डोळ्यांना न दिसणारे मिड इन्फ्रारेड किरण सोडतं, ते नुसता नायट्रोजन बघत नाही, 2.5 ते 25 मायक्रॉन लांबीच्या लहरींपैकी कोणते किरण दूध शोषून घेतं ते बघतं, त्याचा आलेख काढतं, आलेखात फॅटचा पट्टा 1745 वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरात किती लहरी बसतात तो आकडा) आसपास, प्रोटीनचा 1550 जवळ, त्यामुळे युरिया नाहीतर साखर घातली की आलेख बदलतो, आणि हे सगळं मिनिटभरात. अगदी थोडी भेसळ सुटू शकते, तेव्हा संशय आला की लॅबची पक्की टेस्ट हवीच. मशीन महाग आहे, मान्य, गावोगावच्या डेअरीवर नका देऊ, पण तालुक्याच्या चिलिंग सेंटरला तरी बसवा आणि रिपोर्ट दूध घालणाऱ्यालाही दाखवा.

- एक दूध उत्पादक