दिवसा वीज आली, आता डीपी वाचवा

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या धास्तीत विहिरीवर जाणं ज्याने काढलंय त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. मी निफाड तालुक्यात जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतो. त्या अनुभवावरून सांगतो, पॉवर फॅक्टर (एकूण भारापैकी कामाची वीज किती) आणि डायव्हर्सिटी फॅक्टर (मोटारी एकाच वेळी किती चालतात) यांकडे शेतीच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर, लक्ष दिलं नाही, तर दिवसा वीज येऊनही डीपी, म्हणजे गावातले ट्रान्सफॉर्मर, जळतच राहतील.

पाच एचपीची मोटार लाइनमधून साधारण ४.६ किलोवॅट घेते. पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर डीपीवर तिचा भार मात्र ६.१ केव्हीए (एकूण भाराचं माप) पडतो. हा जादा करंट मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला लागतो. त्याने थेंबभर पाणी जास्त उपसलं जात नाही, तारा आणि डीपी तेवढ्या तापतात. स्टार्टरला २ केव्हीएआरचा (चुंबकीय क्षेत्रासाठीच्या भाराचं माप) कॅपॅसिटर जोडला की त्यातला बराचसा करंट जागेवरच मिळतो आणि भार ५ केव्हीएवर येतो. अशा १६ मोटारी असलेल्या १०० केव्हीएच्या डीपीवर ९८ चे ८१ होतात. त्यांच्यापायी तारांत होणारा लॉस जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो.

माझ्याकडे येणारा स्टार्टर उघडला की कॅपॅसिटर एक तर फुगलेला असतो, नाहीतर त्याच्या वायरी कापून टेप गुंडाळलेली असते. यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. उच्चदाब ग्राहकाला २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे एकूण भारावर, बिल येतं, म्हणून कारखानदार कॅपॅसिटर पॅनल जिवापाड सांभाळतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, ती राहू द्या. पण मग कॅपॅसिटर बदलायचा खर्च शेतकऱ्याने कशासाठी करावा? तो महावितरणने करावा, कारण वाचणारी वीज तिचीच आहे.

याहून मोठा घोर डायव्हर्सिटीचा आहे. सगळ्या मोटारींच्या कमाल भाराची बेरीज भागिले डीपीवर प्रत्यक्ष आलेला कमाल भार, हा डायव्हर्सिटी फॅक्टर. २५ मोटारींची बेरीज १५० केव्हीए झाली, पण एका वेळी १५ च चालल्या, तर भार ९० आणि फॅक्टर १.६७. त्या भरवशावरच १०० ची डीपी पुरते. आता बहुतेक पंपांना ऑटो स्विच आहे. वीज आली की पंचवीसच्या पंचवीस मोटारी एकदम उठतात, फॅक्टर एकावर येतो, वर सुरुवातीचा करंट पाच-सहा पट. व्होल्टेज बसतं, मोटारी गती घेत नाहीत, तो पाच-सहा पट करंट वाहतच राहतो. मग डीओ (डीपीचा फ्यूज) उडतो, डीपी जाते, माझ्या दुकानात काळ्या पडलेल्या वाइंडिंगची रांग लागते, आणि द्राक्षबागेचं पाणी ऐन गरजेच्या वेळी तुटतं.

ऑटो काढा म्हणून आवाहनं करून ते निघणार नाहीत. दिवसातून चार वेळा ट्रिप होणाऱ्या लाइनसाठी माणूस विहिरीवर बसून राहू शकत नाही. ऑटो राहू द्या, त्यात टाइमर घाला. एका डीपीवरची प्रत्येक मोटार अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या फरकाने उठू द्या.

सौर प्रकल्पांचंही पाहा. ते किलोवॅट देतात, पण केव्हीएआर सबस्टेशनमधूनच जात राहिले, तर तिथला पॉवर फॅक्टर दिवसा आणखी खाली दिसेल. इन्व्हर्टर केव्हीएआरही देऊ शकतात. करारात तशी अट घाला. अर्थात त्याने गावातल्या तारांवरचा भार हलका होत नाही. त्यासाठी कॅपॅसिटर मोटारीपाशीच हवा.

एका सबस्टेशनचा एक शेती फीडर निवडा. प्रत्येक पंपाला कॅपॅसिटर आणि टाइमर द्या, डीपीला मीटर लावा, आधीचा आणि नंतरचा केव्हीए गावात फलकावर लिहा. हे रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आत व्हावं. फीडर आमच्या भागातला निवडलात, तर ते बसवून देण्याची मजुरी मी घेणार नाही.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला,
ता. निफाड, जि. नाशिक