हापूस कौतुकाचा, मग कांदा भीतीचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील ‘किरणोत्सारी कांदा ताटात?’ ही बातमी वाचून अतिशय वाईट वाटले. बातमीत विकिरण केलेल्या कांद्यालाच किरणोत्सारी ठरवले आहे. पण विकिरण केलेला, म्हणजे कोंब येऊ नयेत म्हणून ज्यावर किरण सोडले तो कांदा आणि किरणोत्सारी, म्हणजे स्वतःच किरण बाहेर टाकणारा कांदा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे गामा किरण कांद्यातून आरपार जातात आणि आतल्या कोंबाची वाढ थांबवतात. कांदा किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. याच किरणांनी इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक होतात. बातमीसोबत मात्र आपण धोक्याचे पिवळे-काळे चिन्ह छापलेत.

2007 साली अमेरिकेची दारे आपल्या हापूसला उघडली, ती लासलगावच्या केंद्रात त्याचे विकिरण झाल्यावरच. आंब्याला किमान 400 ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचे माप) मात्रा द्यावी लागते, कांद्याला 90 ग्रेच्या आतली मात्राही पुरते. तरीही ‘हापूस अमेरिकेला रवाना’ ही बातमी आपण कौतुकाने छापता आणि भीती कांद्याच्या वाट्याला येते.

मी निफाड तालुक्यातील कांदा उत्पादक आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बातमीचे कात्रण मोबाइलवर पाठवून पुण्यातील माझ्या नेहमीच्या दुकानदाराने चाळीस गोण्यांची मागणी रद्द केली. माझ्या कांद्याचे विकिरण झालेलेच नव्हते. तसे शपथेवर सांगितले, तरी त्याचे एकच, “दादा, गिऱ्हाईक विचारतं, त्याला मी काय सांगू?” भादव्यात त्याच गोण्यांच्या जाळीतून हिरवे कोंब बाहेर आले. आई आणि पत्नी आठ दिवस कांदाचाळीत बसून कांदा निवडत होत्या. निम्मा उकिरड्यावर गेला. कोंब रोखणाऱ्या तंत्राच्या भीतीने पडून राहिलेला माझा कांदा शेवटी कोंब फुटूनच वाया गेला, हे मी विसरू शकत नाही.

प्रश्न विचारायचेच होते, तर खरे विचारायला हवे होते. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच विकिरण करावे लागते, पुढे उशीर झाला तर उपयोग नाही. सड तर या किरणांनी थांबतच नाही, म्हणून साठवणही नीट लागते. हा सगळा खर्च लहान शेतकऱ्याला किलोमागे किती पडेल, हे बातमीत कुठेच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या बातमीनंतर मी पाठवलेल्या पत्रातील मात्रेचे आकडेही आपण गाळले होते. या वेळी कृपया तसे करू नये.

दुरुस्ती बातमीच्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत यावी. त्या दुकानदाराचा क्रमांक माझ्याकडे आहे. कात्रण मी स्वतः त्याला पाठवीन.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड