बुडालेली बोट बुडालेलीच राहू द्या

मा. संपादक,

सैन्यात आणि सरकारमध्ये लांबचा विचार कमी पडतो अशी चर्चा निघाली की लगेच नवीन कॉलेज काढा, कोर्स सुरू करा, कमिटी नेमा असंच ऐकायला मिळतं. मला वाटतं वरिष्ठांना नको असलेलं उत्तर समोर आलं की ते त्याचं काय करतात, तिथेच सगळं ठरतं.

मे १९४२ मध्ये जपानी नौदल पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची मोहीम आधी टेबलावर युद्धाचा खेळ मांडून, म्हणजे दोन्ही बाजू नकाशावर लढवून बघत होतं, यामातो या युद्धनौकेवर. खेळात निकाल देणाऱ्या पंचाने फासे टाकले, अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागले असं निघालं, तर खेळाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी म्हणाले नऊ नाही, तीनच धरा. तरीही कागा ही विमानवाहू नौका बुडाली, पण पुढच्या मोहिमेच्या खेळात तिला परत आणून उभी केली. महिनाभरात मिडवेला कागा खरोखर बुडाली, आणि तिच्यासोबत आणखी तीन. किती माणसं गेली असतील त्यात, आणि इशारा तर आधीच मिळाला होता!

साठ वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेने तेच केलं. मोठ्या सरावात शत्रूची बाजू निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती, रेडिओ पकडला जाईल म्हणून त्यांनी मोटरसायकलवरून निरोप पाठवले आणि खेळात सोळा जहाजं बुडवली. मग ती जहाजं परत तरंगवून खेळ पुन्हा सुरू केला.

याउलट १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सोव्हिएत युनियनबाबत काय धोरण ठेवावं यावर तीन टीम बसवल्या, प्रत्येकीने आपलाच मार्ग जीव तोडून मांडायचा, आणि स्वतः समोर बसून तिघांचं ऐकलं. त्यातल्या एका टीमचं नेतृत्व सोव्हिएत विषयाचे जाणकार मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्याकडे, जे परराष्ट्रमंत्री डलेस यांना आपल्या खात्यात नको होते. हे मला फार मोठं वाटतं, कारण नावडत्या माणसाला मुद्दाम बोलावून त्याचं ऐकायला वेगळीच हिंमत लागते.

म्हणून कुठल्याही देशाने एवढं तरी करावं. पंचाचा निकाल कोणी बदलला तर कोणी आणि का ते नावासकट लिहून ठेवावं, शत्रूची बाजू सगळ्यात हुशार अधिकाऱ्याला द्यावी आणि तो जिंकला म्हणून त्याचं प्रमोशन अडवू नये. आणि मंत्र्यांनी शेवटच्या दिवशी भाषणापुरतं येण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून फोन बंद करून त्या टेबलावर बसावं.

आपला,
एक नियमित वाचक