परराष्ट्र धोरणाचा रकाना जाहीरनाम्यावरून भरू नये

संपादक महोदय,

निवडणुका जवळ आल्या की पक्षांच्या जाहीरनाम्यांतील वाक्ये शेजारीशेजारी मांडून शेती, रोजगार, संरक्षण, परराष्ट्र धोरण अशा रकान्यांत त्यांची तुलना छापण्याची पद्धत मराठी वृत्तपत्रांत आता रूढ झाली आहे. हेतू स्तुत्य आहे. पण परराष्ट्र धोरणाच्या रकान्यातून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण आम्हाला शांतता नको किंवा आमचे धोरण दुसऱ्या देशाने ठरवले तरी चालेल, असे कोणताच पक्ष लिहून देत नाही. २०२४ मध्ये भाजपच्या संकल्पपत्रात सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वाचा, तर काँग्रेसच्या न्यायपत्रात चीनच्या सीमेवर पूर्वस्थिती आणण्याचा उल्लेख होता. या दोन्हींसाठी कोणती किंमत मोजावी लागेल, याची चर्चा प्रचारात अभावानेच झाली. अशी तुलना कशी करावी आणि कशी करू नये, याचा धडा मुंबईच्याच एका निवडणुकीत आहे, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य जे. बी. कृपलानी समोरासमोर उभे होते. लोकसभेची एखादी जागा प्रामुख्याने परराष्ट्र धोरणावर लढवली गेल्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. मेनन काँग्रेसचे उमेदवार होते आणि कम्युनिस्टांचा त्यांना पाठिंबा होता. कृपलानी अपक्ष होते, पण त्यांच्यामागे प्रजासमाजवादी, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ अशी विलक्षण मोट बांधली गेली होती. गोवा मुक्त होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, अक्साई चीनचा वाद पेटलेला होता आणि स्वतः पंडित नेहरू मेनन यांच्या प्रचारात उतरले होते.

तेव्हा एखाद्या उपसंपादकाने आजच्यासारखा तक्ता केला असता, तर मेनन यांच्या नावापुढे ‘अलिप्ततावाद, शांतता’ आणि कृपलानींच्या नावापुढे ‘चीनबाबत कठोर भूमिका’ असे लिहून तो मोकळा झाला असता. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या आणि दोन्ही अपुऱ्या होत्या.

कृपलानींची संसदेतली नोंद पाहा. तिबेटच्या विनाशावर आपण संमतीची मोहोर उठवली म्हणून चीनबरोबरच्या करारातील पंचशीलाचा जन्मच पापातून झाला, असे त्यांनी १९५८ मध्येच लोकसभेत सुनावले होते. एप्रिल १९६१ मध्ये त्यांनी मेनन यांच्यावर केलेला हल्ला तर फारच जहरी होता: सैन्यात गटबाजी माजवली आणि एकही प्रहार न करता हजारो चौरस मैल भूमी घालवली, असे आरोप त्यात होते. परंतु याच कृपलानींनी त्याआधी काही वर्षे गांधीवादी भूमिकेतून वाढत्या लष्करी खर्चाला विरोध केला होता. अहिंसेच्या देशात लष्कराचे अंदाजपत्रक फुगावे, हे त्यांना मान्य नव्हते. मग चीनला रोखायचे कशाच्या बळावर, हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा होता. त्यांची टीका अचूक होती, पर्याय मात्र धूसर होता.

मेनन यांची नोंद याहून गुंतागुंतीची आहे. कोरियातील युद्धकैद्यांच्या तिढ्यावर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताचा तोडगा पुढे रेटण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि शांततेचा उमेदवार म्हणून त्यांना मत मागण्याचा अधिकार त्या एका कामावरही सांगता आला असता. पण १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या सुएझवरील आक्रमणाचा निषेध करताना भारताचा आवाज जेवढा खणखणीत होता, तेवढा तो हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर नव्हता. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घेण्याच्या ठरावाविरुद्ध मेनन यांनी भारताचे मत टाकले. स्वतंत्र धोरण म्हणजे पाश्चात्त्य आणि सोव्हिएत अशा दोन्ही गटांना सारखाच निकष लावणे असेल, तर इथे पारडे उघडच झुकलेले होते. दुसरीकडे, स्वदेशी शस्त्रनिर्मितीचा ध्यास त्यांनीच घेतला होता. ‘मरुत’ हे लढाऊ विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले, साताऱ्याची सैनिक शाळा त्याच वर्षीची. परराष्ट्र धोरणाच्या स्वातंत्र्याला कारखान्यांचा आधार लागतो, हे त्यांना कळले होते. तो आधार सीमेवर किती पोहोचला आहे, हे मात्र सांगितले गेले नाही.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. मेनन यांना २,९६,८०४ आणि कृपलानींना १,५१,४३७ मते पडली. आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला, ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या रूपाने हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. नोव्हेंबर सरण्यापूर्वीच नेहरूंना अमेरिकेकडे लष्करी मदत, अगदी लढाऊ विमानांच्या तुकड्यासुद्धा, मागाव्या लागल्या. अलिप्ततेच्या नावाने कौल घेतलेल्या सरकारवर ही वेळ यावी, याचा दोष मी मुंबईच्या मतदारांना देणार नाही. त्यांच्यापुढे प्रश्नच ‘नेहरू हवेत की नकोत’ असा ठेवला गेला होता. पाच वर्षांनी मेनन अपक्ष म्हणून ईशान्य मुंबईतून उभे राहिले तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात ‘परप्रांतीय’ हाच शब्द गाजला. कोरिया, हंगेरी, लडाख यांचे नावही कुणाला घ्यावेसे वाटले नाही, ही त्या मतदारसंघाची शोकांतिका म्हणावी की करमणूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

हा इतिहास झाला, असे कुणी म्हणेल. पण त्याच उपनगरांच्या पट्ट्यात आज अंधेरीचे सीप्झ हे निर्यातीसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि तिथल्या हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांचा बराच माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा स्वायत्त परराष्ट्र धोरणाचे बिल तिथल्या कारागिराच्या पगारापर्यंत येऊ शकते, हे स्पष्ट झाले. ते बिल भरणे योग्य आहे, असे माझे मत आहे. पण ते कोणी किती भरायचे, हे मत मागायला येणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी उमेदवारांना ‘तुम्ही शांततेच्या बाजूचे आहात का?’ असे न विचारता उत्तर टाळता येणार नाही असे विचारावे. युक्रेनवरील २ मार्च २०२२ च्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला, गाझातील युद्धविरामाच्या २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावरही तटस्थ राहिला. या दोन्ही वेळी तुमचे मत काय असते आणि दोन्हींना तुम्ही एकच निकष लावला असता का? स्वस्त तेल की निर्यातीची बाजारपेठ, यांपैकी एकच राखता येत असेल तर कोणती राखाल आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांना काय द्याल? जे उमेदवार पूर्वी खासदार होते त्यांच्याबाबतीत तर विचारण्याचीही गरज नाही. लोकसभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. त्यातील संबंधित भाषणाचा एक परिच्छेद, आणि पाच वर्षांत या विषयावर ते एकदाही बोलले नसतील तर तेवढीच नोंद, आपण त्यांच्या छायाचित्राखाली छापावी.

आपला,
एक नियमित वाचक,
गोरेगाव (पूर्व), मुंबई