त्या फोटोतली बंदूक

ब्यूट, मोंटाना
१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आजीला वेगळा नमस्कार. तिला पत्र मोठ्याने वाचून दाखवा, पण मधला बंदुकीचा भाग गाळा.

मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, गरम कपडे घालतो. थंडी अशी अजून पडलेली नाही, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा येतो एवढंच. आई, खोकला गेला. तू पाठवलेलं सुंठीचं चूर्ण अजून अर्धं शिल्लक आहे, म्हणजे बघ.

आता तो माझा बंदूक हातात घेतलेला फोटो. मी तो फक्त दादाला पाठवला होता. त्याने स्टेटसला ठेवला, मावशीने तो उचलला, आणि आपल्याकडे पोदेर पाव घेऊन यायच्या आत तो सावंतवाडीला मामाकडे पोचलाही होता. मी उठलो तेव्हा आईचे अकरा मिस्ड कॉल. फोनवर सांगायला गेलो की तू अर्ध्यात रडतेस आणि बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन आजीकडे देतात. म्हणून लिहितो.

तर पहिली गोष्ट, फोटोतली रिव्हॉल्व्हर माझी नाही, घरमालकाची आहे. दुसरी गोष्ट, ती रिकामी होती. इथे कुणाच्या हातात बंदूक देताना आधी घोडा अर्धा ओढून, बाजूचं झाकण उघडून, चक्राचं एकेक घर फिरवून ती रिकामी असल्याचं दाखवतात. घेणाराही पुन्हा स्वतः बघतो. मी बघितलं. तिसरी गोष्ट, मी गुंडासारखा हसत नव्हतो. फोटो काढताना म्हातारा म्हणाला, ‘पोट आत घे,’ म्हणून हसलो.

म्हाताऱ्याबद्दल तुम्हाला थोडं ठाऊक आहेच. वय ७७, बायको गेलेली, मुलगा ॲरिझोनात. बाबा, मी मागे सांगितलं नव्हतं ते असं की तो खाणीतला माणूस आहे. आमच्या गावाच्या कडेला बर्कली पिट म्हणून तांब्याची उघडी खाण आहे. १९५५ साली सुरू झाली, १९८२ साली बंद पडली, पंप थांबले आणि खड्डा पाण्याने भरत गेला. आपल्या पाळी-वेळग्याच्या खाणींच्या खड्ड्यांसारखाच, फक्त कितीतरी मोठा, आणि पाणी इतकं आम्लाचं की पक्षी बसू नयेत म्हणून त्यांना आवाज करून हाकलतात. आमचा म्हातारा तिथे टिप्परवर होता. खाण बंद झाली तेव्हा त्याने ट्रक विकला, बोट विकली, घराचा वरचा मजला भाड्याने दिला (त्याच मजल्यावर मी राहतो). एक वस्तू तेवढी विकली नाही, ती म्हणजे १९६९ साली पहिल्या पगारातून घेतलेली रुगर कंपनीची ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर, ३५७ मॅग्नम काडतुसाची.

बाबा, इथून पुढे तुमच्यासाठी. आई, तू हवं तर पुढचं पान बघ.

ती ब्लॅकहॉक वीसेक वर्षं तळघरात पडून राहिली आणि तळघरात पाणी शिरलं. वरून पुसून घेतली, पण नळीच्या आत गंजाने खड्डे पाडले होते. कुणीही म्हणेल नवी नळी घाल, किंवा नवी बंदूकच घे, इथे ती चपला मिळाव्यात तशी मिळते. म्हातारा म्हणाला, नळी हीच पाहिजे. मग त्यावर एकच उपाय, तोच जो तुम्ही वर्कशॉपात टिप्परच्या इंजिनाला करायचात. ब्लॉक खराब झाला की बोअर मारायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा. नळी आतून मोठी केली की गंजाचे खड्डे कापून निघतात. पण मग गोळीही मोठी लागते आणि चक्राची सहाही घरं त्या मापाची करावी लागतात. किती मोठी, हा प्रश्न. गनस्मिथने, म्हणजे हे काम करणाऱ्या कारागिराने, नळीची आणि चक्राची जाडी मोजून सांगितलं की ४४ पर्यंत, म्हणजे नावाला ०.४४ इंचापर्यंत, नेता येईल, पण मी तुझ्या जागी असतो तर ४१ वर थांबलो असतो, धातू जरा जास्त उरतो. म्हणून ४१ स्पेशल.

आणि इथे गंमत सुरू होते, कारण ४१ स्पेशल नावाचं काडतूस दुकानात मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. ४१ मॅग्नम मिळतं, ते १९६४ साली निघालं, पण ते दांडगं. त्याच्याआधी १९५५ मध्ये ४४ मॅग्नम येऊन बसलं होतं, खाली ३५७ होतंच, त्यामुळे मधल्या भावाकडे फारसं कुणी बघितलं नाही. ४१ स्पेशल हा त्या मधल्या भावाचा आखूड, शांत अवतार, हौशी लोकांनी स्वतःच्या हाताने जिवंत ठेवलेला. म्हातारा गॅरेजमध्ये बसून मॅग्नमच्या पितळी पुंगळ्या सव्वातीन मिलिमीटर कापतो, शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततो, दारू काट्यावर मोजून भरतो. (आई, दारू म्हणजे पुंगळीत भरायची. प्यायची दारू तो शिवत नाही, त्याच्या फ्रीजमध्ये ताक असतं.) पुंगळ्या कापायच्या छोट्या यंत्रावर शनिवारी मीही बसतो. तुम्ही हसाल, पण नावांचा घोळ ऐका. ३८ स्पेशलची गोळी खरी मोजली तर ०.३५७ इंच, ४४ ची ०.४२९. ह्या तिघांत एकट्या ४१ चीच ०.४१० भरते, नावाला जागणारी. मायक्रोमीटर लावून बघितलं तेव्हा तुमची आठवण झाली. ‘छापलंय काय ते वाचू नको, मोज.’

हे सगळं करून घ्यायला तीन वर्षं आणि दोन महिने लागले. मला इथलं कळत नाही ते हेच. ॲमेझॉनचं खोकं एक दिवस उशिरा आलं तर कंपनीला शिव्या देणारी ही माणसं एका रिव्हॉल्व्हरसाठी तीन वर्षं मुकाट थांबतात. कारागीर एकटा, हाताखाली माणूस नाही, फोन उचलत नाही. ऑर्डर दिली की एक पोस्टकार्ड येतं, ‘यादीत नाव घातलं.’ मधे एकदा त्याने विचारलं, घोड्याचा कान रुंद हवा की आहे तसा, मूठ लाकडाची की शिंगाची. म्हाताऱ्याने उत्तर द्यायला दोन आठवडे लावले. संध्याकाळी जिन्यात बसून मला विचारायचा, तुला काय वाटतं. मला काय वाटणार? आपल्याकडे लग्नाच्या शालूचा काठ ठरवताना आत्या आणि काकू यांचं जे चालतं ते मला आठवायचं.

शेवटी गेल्या महिन्यात कार्ड आलं, तयार आहे. म्हाताऱ्याला आता लांब गाडी चालवता येत नाही, म्हणून मी चार तास जाताना आणि चार तास येताना गाडी चालवली. बाबा, ते काम तुम्ही बघायला हवं होतं. चक्र फ्रेममध्ये जागेवर कुलूपबंद करून प्रत्येक घर नळीच्या रेषेत बोअर केलेलं. चक्र आणि नळी यांच्यामध्ये तीन थाउची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशांची, फट. त्याने फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, माझ्याच हातात दिला, तीनची पट्टी गेली, चारची अडली, सहाही घरांना. फ्रेम केस हार्डनिंग केलेली, हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून तापवायची आणि पाण्यात बुडवायची, त्याने पोलादावर निळे-तपकिरी रंग येतात, पावसात रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतात तसे. मजुरी एकतीसशे डॉलर. मी मनात रुपये केले आणि मग करणं सोडलं.

म्हाताऱ्याने घरी आल्यावर पाच गोळ्या झाडल्या. सहा घरं असली तरी पाचच भरतात. ह्या जुन्या बनावटीत घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, नाहीतर पडली तर उडते. पाच झाडल्या, पुसली, फडक्यात गुंडाळली, कपाटात. बस. तीन वर्षं आणि एकतीसशे डॉलर.

आई, आता तुझं. तू टीव्हीवर बघतेस ते खोटं नाही, इथे शाळेत गोळ्या झाडतात, मी ‘असं काही नसतं’ म्हणणार नाही. पण मी आल्यापासून आमच्या गावातल्या शाळेत काही झालेलं नाही, आणि मी रात्री भटकत नाही. तू म्हणालीस, आपल्या घराण्यात कुणी बंदुकीला हात लावला नाही. लावला आहे. आजोबांची एकनळी होती ना रानडुकरांसाठी? निवडणूक लागली की पोलिस स्टेशनात जमा, निकाल लागला की परत घरी, आणि तू लग्न होऊन आलीस तेव्हा ती माजघरातच टांगलेली होती, हे तूच सांगितलंस.

दादाने विचारलं होतं, परदेशी माणसाला तिथे हे चालतं का. माझ्यासारख्या व्हिसावर आलेल्याला एरवी चालत नाही. पण राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर चालतं. तो मी काढला. लगेच हाय खाऊ नका, शिकार केलेली नाही, करणार नाही, सोमवार पाळतो. पण १९८५ नंतर जन्मलेल्याला आधी वर्ग करावा लागतो, त्यामुळे मी चार संध्याकाळी बारा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसलो. बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं ते शिकलो. परीक्षेत मला पन्नासात अठ्ठेचाळीस. माझ्या शेजारच्या मुलीला पन्नास.

परवाना कशाला काढला, हे बाबा विचारणार, म्हणून सांगून टाकतो. त्या दिवशी कारागिराकडे उभा असताना मीही यादीत नाव घातलं. रक्कम मोठी नाही, आगाऊ दोनशे डॉलर, बाकी नंबर लागेल तेव्हा. माझी ३२-२० ची असेल, १८८२ सालचं काडतूस, धक्का जवळजवळ नाही, आवाज लहान. का घातलं ते मला नीट सांगता येत नाही. तीनची पट्टी गेली आणि चारची अडली, तेव्हा घालावंसं वाटलं. ती वस्तू तिकडे आणायचा प्रश्न नाही; परवाना, कस्टम, पोलिस स्टेशन, कोण करणार ते.

गेल्या महिन्यात पंधरा हजार कमी आले ते ह्यामुळे नाही. गाडीचे बर्फाचे टायर घ्यावे लागले. ह्या महिन्यात भरून पाठवतो आहे, त्यात कौलांचे वेगळे धरले आहेत. स्वयंपाकघरावरची तरी बदलून घ्या, ताडपत्रीवर अजून एक पावसाळा नको. चवथीला माझ्या नावचा विडा आजीने ठेवला असं दादा म्हणाला. माटोळीचा फोटो बघितला. ह्या वेळी कवंडळं खूप दिसली.

सावंतवाडीच्या स्थळाचं. मामाला सांगा की मुलाला बंदुकांचं वेड नाही, तो फक्त ड्रायव्हर म्हणून गेला होता. मुलगी चांगली आहे हे मी कधी नाकारलं? पण तिच्या घरच्यांना ‘दोन वर्षांत परत येणार’ असं तुम्ही सांगितलं आहे, ते आधी दुरुस्त करा. फसवणूक नको. व्हिसाची सहा वर्षं मार्चमध्ये संपत होती, ती संपली की येतो असं मीच म्हणालो होतो, ठाऊक आहे. कंपनीने कागद केले आणि तो आणखी तीन वर्षं वाढला. हे जुलैमध्येच कळलं होतं. चवथ होऊन जाऊ दे म्हणून बोललो नाही, मग दसरा आला. दिवाळीला तुम्ही फोव खायला बसाल तेव्हा फोन करीन, तेव्हा ह्यावर बोलू नका, आजी शेजारी असते. डिसेंबरात तिकिटं स्वस्त मिळाली तर येऊन जाईन. नक्की म्हणत नाही.

एक काम आहे. २०२१ च्या वादळात पाठीमागचा फणस पडला होता, त्याची फळी गोठ्यात ठेवली होती ती आहे का? त्यातला वीतभर तुकडा हवा, दोन बोटं जाड. साल नको, कीड नको, पूर्ण सुकलेला. कुणी इकडे येणार असेल तर त्याच्या बॅगेत द्या. मुठीसाठी हवा आहे. कारागिराला फणस माहीत नव्हता, मी सांगितलं की आधी पिवळा असतो, मग हातात राहून राहून तांबूस होतो. तो म्हणाला, आण.

बाबा, गुडघ्याला तेल लावता की नाही? सगळ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नरकासुराच्या वर्गणीचे दादाकडे पाठवले आहेत.

तुमचा
बाबू

ता. क. फळीची घाई नाही. तीन वर्षं आहेत.