माकडाच्या मेंदूतले बांध

पॅरिस, ९ नोव्हेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

परवा फोनवर म्हणालात, पारावर कुणी विचारलं की 'पोरगी माकडांची डॉक्टर आहे' असं सांगून मोकळे होता. अहो, जिवंत माकड इथे मी एकही पाहिलेलं नाही! माझ्यासमोर असतात ते द्रावणात ठेवलेले मेंदू.

आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्याच जातकुळीतल्या माकडाचा मेंदू तळहातावर मावतो, शंभरेक ग्रॅमचा. पिवळट, रबरासारखा, वरून तास पाडलेला. शास्त्रात या तासाला 'सल्कस' म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नांगराचा तासच! म्हणजे दिवसभर मी तुमचंच काम करते, फक्त बैलांशिवाय.

मागच्या बाजूला चंद्रकोरीसारखी एक खोल फट असते. जर्मनांनी तिचं नावच 'माकडाची फट' ठेवलं. पहिल्या महिन्यात मी वरवर बघून चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'इथे काही नाही.' मॅडमनी काही न बोलता बोथट सळई हातात दिली. फटीची मागची कड हळूच उचलली, तर झाकणासारखी वर आली. आत बारीक वळ्या, पुढच्या भागातून मागच्या भागाकडे गेलेल्या. वावरातून शेजारच्या वावरात जायला बांध असतो ना, तशा. पावसाळ्यात गवताखाली बांध दिसत नाही, म्हणून तो नसतो थोडाच? चित्र पुन्हा काढलं.

याच शहरात ग्रासियोले नावाच्या माणसाने १८५४ साली या वळ्यांबद्दल लिहिलं. तो त्यांना 'ये-जा करायच्या घड्या' म्हणायचा. माणसात त्याच वळ्या वर, उघड्यावर असतात. माकडात वरचं झाकण म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं तो भाग. आपल्यात तो बहुतेक सगळा आतल्या अंगाला, मेंदूचे दोन अर्धे एकमेकांसमोर येतात तिथे गेलाय. बाकी दडवादडवीत आपणही कमी नाही. माणसाच्या मेंदूची वरची साल दोन ते चार मिलिमीटर जाडीची, आणि तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग तासांच्या आतच असतो.

आता स्कॅन घेऊन संगणकावर मेंदू फुग्यासारखा फुगवतात, तासांचा तळ आपोआप वर येतो. सोयीचं आहे, पण मला सळईच बरी वाटते.

हरभरा पेरून झाला का? विहिरीकडच्या तुकड्याचं काय ठरवलंत ते कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
बेबी